सेंट गॅलनचा मठ : साधू गेले, पुस्तकं राहिली. हे घडलं कसं?

रानवाट

स्वित्झर्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, बोडन्झे सरोवराच्या जवळ, सेंट गॅलन आहे. तिथल्या बेनेडिक्टाइन मठाचं ग्रंथालय पाहायला मी पाहुण्यांना नेते. दालनाचं छत, लाकडी गॅलऱ्या, जमिनीवरची नक्षी बघून सगळे हरखतात आणि मग एकच प्रश्न विचारतात : इथले साधू कुठे गेले? पुस्तिकांमध्ये त्याचं उत्तर एका ओळीचं असतं, '१८०५ साली मठ विसर्जित करण्यात आला.'

हजार वर्षांहून जुनी संस्था, आणि तिच्या शेवटाला एक ओळ! फ्रान्समधल्या क्लुनीचा मठ क्रांतीनंतर विकला गेला आणि त्याचे दगड काढून नेले. आज तिथल्या प्रचंड चर्चचा जेमतेम दहावा भाग उभा आहे. सेंट गॅलनमध्ये मात्र चर्च, इमारती, सुमारे २१०० हस्तलिखितं असं पुष्कळ काही जागेवर आहे. फक्त ज्यांनी ते जमवलं ते नाहीत.

मला विचारायचंय ते हे : मठ नेमका कोणी बंद केला, आणि पुस्तकं का नाही पांगली? माझं मत आधीच सांगते. ज्यांनी युरोपचं अर्धं वाङ्मय जपलं त्यांना घराबाहेर काढणं हा कृतघ्नपणा होता. पटत नसेल तर भांडा.

घाटमाथा

वाचनखूण साठवली. भांडणाची वाट बघतोय.

दप्तरदार

रानवाट, सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय शेवट कळणार नाही, म्हणून थोडं मागे जातो.

परंपरेनुसार गालुस हा आयरिश साधू कोलंबानुस या धर्मप्रचारकाबरोबर आला. आजारी पडला म्हणून मागे राहिला आणि साधारण ६१२ मध्ये श्टाइनाख नदीच्या दरीत झोपडी बांधून राहू लागला. अस्वलाची गोष्ट तिथली : अस्वलाने शेकोटीला लाकडं आणून दिली, गालुसने त्याला भाकरी दिली. शहराच्या चिन्हात ते अस्वल अजून आहे. पण गालुसने मठ स्थापन केला नाही, तो एकांतवासी होता. मठ उभा केला ओटमारने, ७१९ मध्ये, आणि साधूंनी कसं राहायचं हे सांगणारी संत बेनेडिक्टची नियमावली तिथे आली ७४७ मध्ये. म्हणजे 'बेनेडिक्टाइन' म्हणायचं तर हिशोब तिथून.

आणि बघा, पहिल्याच मठाधिपतीचं काय झालं. मठाच्या जमिनींवर डोळा असलेल्या सरदारांनी त्याला कैदेत टाकलं. ७५९ मध्ये ऱ्हाइनमधल्या एका बेटावर तो वारला. जमीन कोणाची हा वाद या मठाच्या पाचवीलाच पुजलेला होता, आणि माझ्या मते १८०५ हा त्याच वादाचा शेवट आहे.

लिफीकाठ

मी डब्लिनला असते. इकडे सेंट गॅलनचं नाव वेगळ्याच कारणाने घेतात. लॅटिन व्याकरणकार प्रिस्कियनच्या ग्रंथाची एक प्रत तिथे आहे, नवव्या शतकाच्या मध्यावर आयर्लंडमध्ये लिहिलेली. ओळींच्या मध्ये आणि समासात जुन्या आयरिशमध्ये हजारो टिपा आहेत. एकोणिसाव्या शतकात जुन्या आयरिश भाषेचं व्याकरण पुन्हा उभं केलं गेलं ते अशाच टिपांवरून, कारण त्या काळची आयरिश हस्तलिखितं खुद्द आयर्लंडमध्ये फारच थोडी उरली होती.

समासात एक चार ओळींची कविता आहे. आज रात्री वारा फार कडवा आहे, समुद्र खवळलाय, तेव्हा व्हायकिंग येण्याची भीती नाही, अशा अर्थाची. व्याकरणाची नक्कल करता करता कोणीतरी हे लिहिलं. मला तर सगळ्या मठात ही चार ओळींची जागा सगळ्यात प्रिय आहे.

कोष्टी_गल्ली

भांडायला आलोय :)

रानवाट, 'घराबाहेर काढलं' म्हणता. पण ते घर कोणाच्या पैशाने चालत होतं? सेंट गॅलनचा मठाधिपती हा नुसता साधू नव्हता, तो राजा होता. पवित्र रोमन साम्राज्याचा राजपुत्र अशी पदवी, शेकडो गावं, स्वतःची न्यायालयं, कर. १४०० च्या आसपास मठाधिपती कुनो फॉन श्टोफेलन जुने हक्क उकरून वसुली करू लागला तेव्हा अप्पेंझेलचे डोंगरी शेतकरी उठले. १४०३ मध्ये फ्योगेलिन्सएग आणि १४०५ मध्ये श्टोस इथे त्यांनी मठाच्या बाजूच्या फौजांना धूळ चारली. अप्पेंझेल मठाच्या हातून सुटलं ते कायमचं.

माणूस मेला की त्याच्या घरातलं उत्तम जनावर धन्याला द्यायचं, ही त्या काळची रीत. ज्या घरातला कर्ता पुरुष गेलाय त्याच घरातली गाय न्यायची. चर्मपत्रांच्या सौंदर्याबद्दल बोलताना हेही बोला. चर्मपत्र वासरांच्या आणि मेंढ्यांच्याच कातड्याचं होतं.

घाटमाथा

+१. शेवटचं वाक्य जड आहे.

पडवी

मी वास्तुविशारद आहे, त्यामुळे मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय : सेंट गॅलनचा नकाशा.

८२० च्या दशकात, किंवा जरा आधी, राइशेनाउ बेटावरच्या मठात काढलेला हा आराखडा मठाधिपती गोझबेर्टला पाठवला होता. चर्मपत्राचे पाच तुकडे शिवून केलेलं साधारण ११२ बाय ७७ सेंटिमीटरचं पान. लाल रेघांनी इमारती, आणि कशात काय आहे ते मजकुरात. रोमन काळानंतर आणि तेराव्या शतकाआधी युरोपात इमारतींचा एवढा तपशीलवार आराखडा दुसरा उरलेला नाही.

आणि तपशील कसले! साधूंची शाळा वेगळी, बाहेरच्या मुलांची वेगळी. श्रीमंत पाहुण्यांचं घर वेगळं, गरीब यात्रेकरूंचं वेगळं, आणि प्रत्येकाला स्वतंत्र भट्टी नि बिअर गाळायची जागा. रक्तमोक्षणासाठी, म्हणजे उपचार म्हणून रक्त काढण्यासाठी, एक अख्खी इमारत. औषधी वनस्पतींचे १६ वाफे, भाजीचे १८. कोंबड्यांचा गोल खुराडा, हंसांचा दुसरा गोल, मध्ये राखणदाराचं घर. स्मशानात फळझाडं : कबरींच्या मधोमध सफरचंद, नासपती, अक्रोड. मेलेल्यांची जागा आणि बाग एकच.

हा मठ बांधला कधीच गेला नाही. सेंट गॅलनच्या अरुंद दरीत तो मावतही नाही. पण २०१३ पासून जर्मनीत मेसकिर्शजवळ काही लोक नवव्या शतकातल्या अवजारांनी तो उभा करताहेत. अजून कित्येक वर्षं लागतील.

नकाशा टिकला तो कसा, तेही मजेशीर आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस कोणीतरी त्याच्या कोऱ्या मागच्या बाजूवर संत मार्टिनचं चरित्र लिहिलं. जागा पुरेना म्हणून पुढच्या बाजूचा नकाशाचा एक कोपरा खरवडून तिथेही लिहिलं! मग घडी घालून पुस्तकासारखा ठेवला. चरित्र म्हणून ते पान ग्रंथालयात राहिलं, आणि आराखडा त्याच्या पाठीला चिकटून शतकं पार करून आला.

रानवाट

पडवी, स्मशानातली फळझाडं! हे मी पाहुण्यांना आजवर सांगितलं नव्हतं, आता सांगेन.

कोष्टी_गल्ली, तुमचं ऐकतेय. पण वासरांचा मुद्दा मला अन्यायाचा वाटतो. त्या काळी कातडं सगळेच वापरत होते. खोगिरं झाली, जोडे झाले. ग्रंथ किती जणांनी केले?

ओवी_माझी

ग्रंथ वाचवण्याबद्दल बोलताय आणि विबोराडाचं नाव अजून कोणी घेतलं नाही!

ती एकांतवासी होती. सेंट मांगेन चर्चच्या बाजूला एका कोठडीत स्वतःला भिंतीआड करून घेऊन राहायची. ९२६ मध्ये हंगेरियन घोडेस्वार येताहेत अशी बातमी होती, तेव्हा तिने मठाधिपती एंगिलबेर्टला सांगितलं की आधी पुस्तकं हलवा, मग चांदी-सोनं आणि माणसं. पुस्तकं राइशेनाउला गेली. साधू जवळच्या गढीत गेले. तिला चला म्हणाले तर तिने कोठडी सोडायला नकार दिला. हल्लेखोर छपरातून उतरले आणि त्यांनी तिला मारलं. १०४७ मध्ये पोपने तिला संतपद दिलं, आणि रीतसर प्रक्रियेने पोपकडून संतपद मिळालेली ती पहिली स्त्री मानली जाते. ग्रंथालयांची संत म्हणून तिच्या हातात पुस्तक आणि कुऱ्हाड दाखवतात.

पुढची गंमत एकेहार्ट चौथा या मठातल्याच बखरकाराने लिहून ठेवलीय. राइशेनाउहून पुस्तकं परत आली तेव्हा संख्या बरोबर भरली, पण पुस्तकं तीच नव्हती!

घाटमाथा

उसनी दिलेली पुस्तकं परत येण्याचा प्रश्न इतका जुना आहे तर.

दप्तरदार

ओवीताई, मग हेरिबाल्डची गोष्टही सांगायलाच हवी. तीही एकेहार्टचीच. हेरिबाल्ड जरा भोळा साधू. सगळे पळाले, हा म्हणाला, मला कोठाराच्या अधिकाऱ्याने यंदा जोड्यांसाठी कातडं दिलेलं नाही, मी कुठे जाणार नाही! (कोष्टी_गल्ली, घ्या, कातडं इथेही आलं.) हंगेरियन आले, याला बघून हसले, मारलं नाही, उलट शेजारी बसवून खाऊ-पिऊ घातलं. त्यांच्यातला एक जण दारूचं पिंप कुऱ्हाडीने फोडायला निघाला तर हेरिबाल्डने त्याला थांबवलं, की तुम्ही गेल्यावर आम्ही काय पिणार? ते हसले आणि पिंप सोडलं. पुढे त्याला विचारलं तर तो म्हणायचा की एवढी आनंदी माणसं मठात कधी पाहिली नव्हती.

आपल्याच मठाच्या बखरीत, आपल्याच पडझडीच्या वर्णनात, हे असं लिहायला मोठं मन लागतं.

ओवी_माझी

हेरिबाल्ड :D :D

आणि ९३७ ची आग? एका विद्यार्थ्याला शिक्षा व्हायची होती. छडी आणायला त्याला माळ्यावर पाठवलं, तर त्याने माळ्याला आगच लावली. मठ जळला. तीही एकेहार्टचीच हकिगत. शाळेत छडी खाल्लेल्यांनी यावर जपून प्रतिक्रिया द्यावी.

सूरपेटी

अवांतर, पण राहवत नाही. सेंट गॅलनशिवाय पाश्चात्त्य संगीताचा इतिहास लिहिताच येत नाही. ९२५ च्या आधीचा तिथला एक गायनग्रंथ शब्दांवर सुरांच्या खुणा असलेल्या सर्वांत जुन्या संपूर्ण ग्रंथांपैकी आहे. त्या खुणा नेमका सूर सांगत नाहीत, आवाज वर चढतोय की उतरतोय, कुठे रेंगाळायचं, कुठे घाई करायची ते सांगतात. चाल आधी गुरूकडून पाठ असायलाच हवी, हे आपल्याकडच्या गाणाऱ्याला लगेच कळेल. तोतरा म्हणून ओळखला गेलेला नोटकर (मृत्यू ९१२) लहानपणी लांबलचक आलाप पाठ होईनात म्हणून वैतागायचा. मग त्याने एकेका सुराखाली एकेक अक्षर बसवून रचना केल्या. तोतरेपणाबद्दल तो स्वतःच लिहितो. त्याच्या रचना मात्र पुढे युरोपभर गायल्या गेल्या.

कोष्टी_गल्ली

नोटकर थोर होताच. पण मुद्द्यावर येऊ. दहाव्या शतकातल्या पुण्याईवर अठराव्या शतकातली सत्ता किती काळ चालवायची?

१४१६ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेच्या काळात पोज्जो ब्राच्चोलिनी हा इटालियन पुस्तकशोध्या तिथे आला. क्विंटिलियनचा वक्तृत्वशास्त्रावरचा संपूर्ण ग्रंथ त्याला तिथे मिळाला, आणि कुठे? एका बुरुजाच्या तळाशी, घाणीत, जिथे गुन्हेगारालाही कोणी ठेवणार नाही अशा जागी, असं त्याने पत्रात लिहिलंय. म्हणजे तुमच्या त्या 'जपणाऱ्यांनी' तेव्हा काय जपलं होतं?

दप्तरदार

पोज्जो आपला शोध मोठा करून सांगणारा माणूस होता, हे धरून वाचा. पण पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला मठ खंगला होता हे खरंच. त्याला पुन्हा उभं केलं उलरिश रोशने (१४६३ ते १४९१). हा वांगेनच्या एका पाववाल्याचा मुलगा. याने कारभार लावला, टोगेनबुर्गचा मुलूख विकत घेतला. शहराशी इतकं बिनसलं की मठच रोरशाख गावी हलवायला निघाला. १४८९ मध्ये शहरवासी आणि अप्पेंझेलवाल्यांनी जाऊन ते नवं बांधकाम मोडलं.

मग प्रोटेस्टंट सुधारणावाद आला. शहराचा नगराध्यक्ष वाडियान, पेशाने वैद्य, विद्वान माणूस. १५२९ मध्ये त्याच्या काळात मठाच्या चर्चमधल्या मूर्ती आणि वेद्या फोडल्या गेल्या. १५३२ मध्ये साधू परत आले. त्यानंतरची स्थिती बघा : प्रोटेस्टंट शहराच्या मधोमध कॅथलिक मठ, आणि शहराच्या तटाबाहेर पाऊल टाकलं की चहूकडे मठाचा मुलूख. दोघंही एकमेकांच्या वेढ्यात! अखेर १५६७ मध्ये दोघांच्या मधोमध भिंत बांधली आणि मठाधिपतीला शहरातून न जाता बाहेर पडायला स्वतःचा दरवाजा दिला. तो कार्ल्सटोर आजही उभा आहे.

चौकटराजा_नगर

आणि १७१२ ची लूट? झुरिक आणि बर्नच्या फौजांनी मठ लुटला. ग्रंथ, हस्तलिखितं आणि दोन मीटरहून उंच असा सोळाव्या शतकातला पृथ्वीगोल. बर्नने नेलेलं बरंच परत केलं. झुरिकने काही ठेवून घेतलं. हे भांडण २००६ मध्ये मिटलं : मालकी झुरिकची, काही हस्तलिखितं सेंट गॅलनला बेमुदत उसनी, आणि गोलाची हुबेहूब प्रतिकृती झुरिकने करून द्यायची. मूळ गोल झुरिकच्या संग्रहालयात आहे.

जवळजवळ तीनशे वर्षं एका देशातल्या दोन कॅन्टनांचं, म्हणजे प्रांतांचं, भांडण! आपल्याकडे वाघनखं २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्याला आली, तीही उसनीच. 'उसनं' या शब्दावर समाधान मानायचं का?

घाटमाथा

नाही.

लिफीकाठ

वाघनखांवर वेगळा धागा काढा ना. इथे सुरू झालं की शंभर प्रतिसाद त्याचेच होतील. रानवाटच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, १८०५ बाकी आहे.

दप्तरदार

घालतो. फ्रेंचांनी किंवा नेपोलियनने मठ बंद केला असं सरसकट सांगतात, पण ते अर्धंच आहे.

लुटीनंतर मठ सावरला आणि आज दिसणारं सगळं वैभव त्यानंतरचं आहे. चर्च १७५५ पासून, ग्रंथालयाचं दालन १७५८ ते १७६७. पुढचा मठाधिपती बेडा आंगेर्न. १७७० च्या दुष्काळात त्याने इटलीहून धान्य आणवलं, रस्ते केले आणि मठ कर्जात घातला. प्रजा कुरकुरत होतीच. गोसाऊचा योहान्नेस क्युन्झले, टपाल नेणारा माणूस, पुढारी झाला. नोव्हेंबर १७९५ मध्ये गोसाऊच्या मैदानात हजारो लोक जमले आणि बेडाने करार मान्य केला : भूदासपण बंद, गावांना अधिकार. रक्त न सांडता. मठातल्या बऱ्याच साधूंना हे मान्य नव्हतं.

पुढच्याच वर्षी बेडा वारला आणि पांक्राझ फोर्स्टर आला. हा विरोधकांचा म्होरक्या. करार त्याने मनापासून कधीच मानला नाही. १७९८ मध्ये फ्रेंच फौजा आल्या, राज्य गेलं, मठाधिपती देशाबाहेर. १८०३ मध्ये नेपोलियनच्या मध्यस्थीने सेंट गॅलन हे नवं कॅन्टन जन्मलं आणि त्याचं सूत्र कोणाच्या हातात? कार्ल म्युलर-फ्रीडबेर्गच्या. हा आधी मठाचाच अधिकारी! मठाधिपती परतला तर कॅन्टन टिकणार नाही हे त्याला पक्कं कळत होतं.

वाटाघाटी झाल्या. राज्यावरचा हक्क सोडून नुसता मठ म्हणून राहण्याची वाट निघू शकली असती. पांक्राझ हटला नाही, त्याला राज्यासकट मठ हवा होता. मे १८०५ मध्ये कॅन्टनच्या सभेने अगदी थोड्या मतांच्या फरकाने मठ विसर्जित केला. पांक्राझ व्हिएन्नाच्या परिषदेपर्यंत दाद मागत राहिला, त्याला मिळालं फक्त निवृत्तिवेतन. १८२९ मध्ये मुरीच्या मठात तो वारला.

कोष्टी_गल्ली

म्हणजे करणारे तिथलेच लोक. टपालवाला, शेतकरी आणि मठाचाच कारभारी. यात कृतघ्नपणा कुठे आला? राजवट गेली. ती जायलाच हवी होती.

रानवाट

राजवट जायला माझी हरकत नाही. बेडाने ती सोडायची तयारी दाखवली होती, मला तो माणूस फार मोठा वाटतो. पण प्रार्थना, शाळा, ग्रंथालय हे राजवटीबरोबर का बुडावं? पांक्राझच्या हट्टाची शिक्षा पुढच्या दोनशे वर्षांतल्या साधूंना झाली, मला तेच लागतं. आणि पुस्तकांचं?

ओवी_माझी

पुस्तकांचं मी सांगते. फ्रेंच येण्याच्या सुमारास साधूंनी मौल्यवान हस्तलिखितं सरहद्दीपलीकडे हलवून ठेवली होती. विबोराडाचा धडा जवळजवळ नऊशे वर्षांनी पुन्हा. ती नंतर परत आली.

आणि विसर्जन करताना कॅन्टनने क्लुनीसारखा लिलाव केला नाही. इथली जनता कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशी विभागलेली. मठाची मालमत्ता एकाच बाजूने गिळली असती तर नवं कॅन्टन फुटलं असतं. म्हणून राज्यकारभाराचा वाटा कॅन्टनला आणि धर्मकार्याचा कॅथलिकांच्या सार्वजनिक संस्थेला अशी वाटणी झाली. ग्रंथालय त्या संस्थेकडे आलं ते आजही तिचंच आहे. मठाधिपतीच्या वाड्यात कॅन्टनचं सरकार बसतं. १८४७ मध्ये बिशपचं पीठ झालं आणि चर्च त्याचं झालं.

एक माणूस विसरू नका, इल्डेफोन्स फॉन आर्क्स. मठातलाच साधू. मठ मोडला तरी तो गेला नाही. दप्तर आणि पुस्तकं लावत राहिला, सेंट गॅलनच्या प्रदेशाचा इतिहास तीन खंडांत लिहिला. कोणतं हस्तलिखित काय आहे हे ठाऊक असलेला माणूस जागेवर होता, म्हणूनही संग्रह संग्रह राहिला. नुसत्या कायद्याने पुस्तकं टिकत नाहीत.

चौकटराजा_नगर

हे महानुभाव मठांमधल्या पोथ्यांबद्दलही खरं आहे. सकळ लिपी, म्हणजे त्यांची सांकेतिक लिपी, वाचणारी माणसं मठात होती तोवर पोथ्या बोलत होत्या. माझ्या आजोळच्या गावातल्या पोथ्या अजून फडक्यात बांधलेल्या आहेत, उघडून वाचणारं कोणी नाही.

कोष्टी_गल्ली

फॉन आर्क्सबद्दल माहीत नव्हतं. या माणसाला माझा नमस्कार. पांक्राझला नाही.

चौकटराजा, त्या पोथ्यांचे फोटो तरी काढून ठेवा, दिवाळीच्या आत.

पडवी

ज्यांना जाणं जमणार नाही त्यांच्यासाठी : सेंट गॅलनच्या हस्तलिखितांचं संगणकीकरण २००५ च्या सुमारास सुरू झालं. त्यातूनच पुढे अख्ख्या स्वित्झर्लंडसाठी 'ई-कोडिसेस' हे संकेतस्थळ झालं. फुकट आहे, पान मोठं करून बघता येतं. लिफीकाठ यांची चार ओळींची कविता तिथे मिळेल. नोटकर, विबोराडाची चरित्रं, आठव्या शतकाच्या अखेरचा लॅटिन-जर्मन शब्दकोश, जो जर्मनमधलं सर्वांत जुनं पुस्तक मानतात, तोही.

लिफीकाठ

कविता २०४ व्या हस्तलिखितात शोधू नका, प्रिस्कियनचा क्रमांक ९०४ आहे. गेल्या खेपेला एका मैत्रिणीने तासभर भलतंच चाळलं.

चौकटराजा_नगर

कोष्टी_गल्ली, मामाशी बोललो. फडकं सोडायला तो तयार आहे. सकळ लिपी वाचणारं कोणी इथे असेल तर कृपया माझ्या विचारपूशीत लिहा.